नकाशात उघाडी कुठे आहे?

रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या नव्या रस्त्याचा, वसाहतीचा किंवा औद्योगिक क्षेत्राचा अहवाल उघडला, की आजकाल त्यात एक रंगीत नकाशा हमखास सापडतो. डोंगर तपकिरी, सपाटी हिरवी आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या निळ्या रेघा. पाऊस पडला की पाणी कोणत्या वाटेने वाहील, हे त्या रेघा सांगतात. नकाशा संगणकाने काढलेला असतो, त्यामुळे बैठकीत त्याच्यावर कोणी बोट ठेवत नाही. ते ठेवायला हवे. विशेषतः या रेघा पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटात उतरतात तिथे. डोंगरावर बऱ्यापैकी खरी असलेली ही रेघ खाडीकाठी पोहोचेपर्यंत अनेकदा कल्पित झालेली असते. आणि मोरी किती रुंद ठेवायची, भराव कुठे घालायचा, पाणी कुठल्या शेतात तुंबेल, हे मात्र तिच्याच भरवशावर ठरत असते.

ही रेघ निघते कशी, हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. आधी जमिनीच्या उंचीची मोजणी लागते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरच्या बहुतांश जमिनीची उंची टिपली. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून भारताचा असाच उंचीचा नकाशा तयार झाला. तो ‘भुवन’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दोन्हींत जमीन साधारण ३० मीटर लांब-रुंद चौकोनांत वाटलेली आहे. एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जवळपास ९ गुंठे. या ९ गुंठ्यांना उंचीचा आकडा एकच. मग संगणक प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारतो : तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी कोणाकडे उतार सर्वांत जास्त? उत्तर येईल त्या दिशेला एक बाण. बाणामागे बाण जोडत गेले की वाट तयार होते आणि एका चौकोनात वरच्या किती चौकोनांचे पाणी येते हे मोजता येते. हजारो चौकोनांचे पाणी जमले की ओहोळ, लाखोंचे जमले की नदी. १९८४ साली ओकॅलहन आणि मार्क या दोन संशोधकांनी मांडलेली ही रीत आठ दिशांमुळे ‘डी-८’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, पण बहुतेक सॉफ्टवेअरचा पाया आजही तोच आहे. क्यूजीआयएससारखे मोफत सॉफ्टवेअर वापरून महाविद्यालयातला विद्यार्थीही एका दुपारी आपल्या तालुक्याचे पाणलोट क्षेत्र आखू शकतो. पूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्च रेषा बघून हेच काम हाताने करावे लागे आणि त्यात आठवडे जात.

सह्याद्रीच्या उतारावर ही रीत चोख चालते, हे मान्य केलेच पाहिजे. महाबळेश्वरचेच बघा. त्या पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे निघतो आणि थोड्याच अंतरावर पडलेला दुसरा थेंब सावित्रीत उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. ही जलविभाजक रेषा संगणक सहज पकडतो, कारण तिथे शेजारच्या चौकोनांत उंचीचा फरक कित्येक मीटरांचा असतो. मोजणीत थोडी चूक असली तरी उताराची दिशा बदलत नाही. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाड शहर बुडाले. महाडच्या वर नेमक्या किती क्षेत्राचे पाणी एकत्र येते, रायगड किल्ल्याकडून येणाऱ्या गांधारी आणि काळ या नद्या त्यात कुठे भर घालतात, याची बेरीज अशा नकाशावरून चांगली करता येते. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या लोंढ्याने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. त्या अरुंद खोऱ्यात पाणी किती झटकन एकवटते, तेही हा नकाशा दाखवतो. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. घाटमाथा ते खाडी हे अंतर काही तासांचे. म्हणून सावध करायला वेळ फार थोडा मिळतो, आणि तेवढ्या वेळात उपयोगी पडेल असे साधन म्हणून या सॉफ्टवेअरची किंमत मोठीच आहे.

पण डोंगरातही माणसाने केलेला बदल त्याला दिसत नाही. कुंडलिका नदीचे उदाहरण गमतीचे आहे. कोलाडला मे महिन्यातही राफ्टिंग चालते ते कोणाच्या पाण्यावर? मुळशीच्या धरणाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ चे. मुळशीचे पाणी निसर्गाच्या हिशेबाने भीमेचे, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातले आणि शेवटी बंगालच्या उपसागराचे. संगणक मात्र ठामपणे सांगेल, की मुळशीचा एक थेंबही रायगडात येणार नाही. खोपोलीचे वीजगृह तर १९१५ सालचे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्यातून पाताळगंगेला मिळते. शंभर वर्षे वाहणारी ही वाट जमिनीच्या उंचीवरून कळणे शक्यच नाही. ती कोणीतरी हाताने भरावी लागते. मोठी धरणे आणि वीजगृहे कागदावर असतात, त्यामुळे ही दुरुस्ती सहसा होते. खरा घोटाळा होतो तो कागदावर नसलेल्या बारीकसारीक गोष्टींचा, आणि खारेपाट म्हणजे अशा गोष्टींचेच आगर.

खारेपाटातली जमीन नुसती निसर्गाने दिलेली नाही. भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालून, आतली माती पावसाच्या पाण्याने धुऊन धुऊन पिढ्यान्‌पिढ्यांनी ती खाडीकडून मिळवलेली आहे. या बांधाला जागोजागी उघाडी असते. जिला उघाडी म्हणतात ती खरे तर स्वतःच उघडणारी आणि मिटणारी झडप. बाहेरून भरती चढली की तिच्या दाबाने ती बंद होते, ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी तिला आतून ढकलते आणि बाहेर पडते. विजेशिवाय, माणसाशिवाय चालणारी ही व्यवस्था. आता सॉफ्टवेअरच्या नजरेने पाहा. काही मीटर रुंदीचा आणि माणसाएवढ्या उंचीचा बांध ९ गुंठ्यांच्या चौकोनात विरघळून जातो. उघाडी तर दिसायचा प्रश्नच नाही. शिवाय संगणकाच्या बाणाला वेळ माहीत नसते. त्याचे पाणी सदासर्वकाळ एकाच दिशेने, खाली वाहते. खारेपाटातले पाणी तसे वागत नाही. तिथे ते सहा तास बाहेर जाऊ बघते आणि पुढचे सहा तास त्याला बाहेर जायला दारच नसते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर काय होते, हे पेण-अलिबागच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रेघांचा नकाशा पाहून ते कळत नाही.

सपाटीचा आणखी एक पेच आहे. त्या अमेरिकी मोजणीत उंची पूर्ण मीटरांत नोंदवलेली आहे. दीड मीटर, पावणेदोन मीटर असे काही नाही. डोंगरात याने फरक पडत नाही. खारेपाटात मात्र एक किलोमीटर चालत गेलात तरी जमीन मीटरभरही चढत-उतरत नाही. मग शेजारशेजारच्या शेकडो चौकोनांना एकच आकडा मिळतो, सर्वांत खालचा शेजारी कोण याचे उत्तर सापडत नाही आणि सॉफ्टवेअर ठरावीक नियमाने पाणी जवळच्या वाटेकडे ढकलून देते. अशा जागी नकाशावर फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, समांतर रेघा उमटतात. कोकणातला कोणताही ओहोळ असा वाहत नाही. एखाद्या अहवालातल्या नकाशात खाडीकाठी अशा समांतर रेघा दिसल्या, तर तिथे पाण्याची वाट सापडलेली नसून फक्त भरून काढलेली आहे, असे खुशाल समजावे. हे तपासायला वाचकाला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

खोलगट जागांचेही असेच. मोजणीतल्या चुकीमुळे नकाशात खोटे खळगे तयार होतात आणि बाण तिथे अडकतात. म्हणून काम सुरू करण्याआधीच सगळे खळगे भरून टाकण्याची पायरी सॉफ्टवेअरमध्ये असते. एक कळ दाबली की झाले. पण गावतळे हाही खळगा आहे, जिताड्याचे तलाव हेही खळगे आहेत, खडीची सोडून दिलेली खाण हाही खळगाच आहे. पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या याच जागा. संगणकाने त्या बुजवल्या तर तेवढे पाणी कुठे थांबते हा हिशेबच नाहीसा होतो. पुढे प्रत्यक्षात कोणी त्या बुजवायला निघाले तर ‘आमच्या नकाशात इथे काही नव्हतेच’ असे म्हणायला ते मोकळे!

सर्वांत विचित्र फसगत कांदळवनाची. बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, की खारे पाणी शेतात येते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या बाजूला भातशेतीच्या जागी अशी कांदळवने उभी राहिलेली आहेत. रडार दाट झाडीच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही. ते शेंड्यांची किंवा मधल्या फांद्यांची उंची जमीन म्हणून नोंदवते. परिणामी समुद्र जिथे खरोखर आत शिरला आहे, तीच जागा झाडीच्या मोजणीत आजूबाजूपेक्षा उंच, टेकाडासारखी दिसते आणि सॉफ्टवेअर सांगते की इथे पाणी येणार नाही. जगभरच्या किनाऱ्यांवर हा दोष आढळल्यावर गेल्या काही वर्षांत झाडे आणि इमारती वजा करून सुधारलेले उंचीचे नकाशे तयार झाले आहेत. ते वापरावेत, पण त्यांतही बांध आणि उघाडी नाहीत.

भराव घातलेल्या रस्त्याची गोष्ट याच्या उलट आहे. रस्ता पुरेसा रुंद आणि उंच असला की तो नकाशात धरणासारखा उभा राहतो. त्याच्या पोटातून जाणारी मोरी आकाशातून दिसत नाही. मग संगणकाचे पाणी रस्त्याच्या कडेने मैल-मैल चालत जाते आणि जिथे भराव संपतो तिथून पलीकडे उतरते. जाणकार अभियंता अशा प्रत्येक मोरीच्या जागी नकाशातली उंची मुद्दाम कमी करून पाण्याला वाट कोरून देतो. त्यासाठी मोऱ्यांची यादी लागते, आणि प्रत्येक मोरी आज उघडी आहे की गाळाने बुजली आहे हेही कळावे लागते. दासगावजवळ कोकण रेल्वेच्या भरावामुळे सावित्रीचे पाणी तुंबते, अशी महाडकरांची जुनी तक्रार आहे. तिची शहानिशा अंदाजाने होणार नाही. भराव, पुलाची गाळी, पात्रातला गाळ आणि भरतीची वेळ या चारही गोष्टी एकाच गणितात घातल्या तरच उत्तर येईल. महाड हे एके काळचे बंदर. तिथवर खाडीचा श्वास पोहोचतो हे विसरून केलेले कोणतेही गणित अर्धेच राहणार.

मोठ्या पुलांसाठी नदीचे छेद प्रत्यक्ष मोजले जातात, असे यावर सांगितले जाईल. ते खरे आहे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि ती आखताना जमिनीवरची मोजणी होते. पण खारेपाटातले नुकसान मोठ्या पुलांच्या चुकीने क्वचितच होते. ते होते गावरस्त्याच्या एका अरुंद मोरीने, एका गोदामाच्या भरावाने, एका मोडक्या उघाडीने. या कामांसाठी कोणी नदीचे छेद मोजत नाही. तिथे तो रंगीत नकाशाच शेवटचा शब्द ठरतो.

नुकसान तरी केवढे? खारे पाणी एकदा शेतात चढले की माती पुन्हा गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, पण त्यांचीही सहन करण्याची मर्यादा आहे. तुंबलेल्या गोड्या पाण्याचा धोका वेगळा. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यात पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो, आणि चिखलात उभ्या राहणाऱ्या भातशेतकऱ्याला तो सर्वांत आधी गाठतो. पाणी कोणत्या वाडीत किती दिवस थांबणार हे आधी ठाऊक असेल, तर तापाच्या रुग्णांचा शोध तिथून सुरू करता येतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या तिथे आधी पोहोचवता येतात, आणि कोणत्या विहिरींत ब्लीचिंग पावडर पहिल्यांदा टाकायची हेही ठरवता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पाण्याच्या वाटेचा खरा नकाशा लावण्याजोगे कारण याहून दुसरे कोणते हवे?

असा नकाशा तयार करणे अवघड नाही, महागही फारसे नाही. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने सपाट प्रदेशासाठी २५ सेंटीमीटर अचूकतेचे उंचीचे नकाशे २०३० पर्यंत तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढ्या अचूकतेत बांध दिसतो, त्याची खचलेली जागाही दिसते. राज्याने आग्रह धरायला हवा, की हे काम महाराष्ट्रात सुरू होईल तेव्हा पहिला मान कोकणच्या खाडीकाठाला मिळावा. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन गावठाणांवरून फिरले आणि घराघराच्या हद्दी मोजून गेले. तेच ड्रोन आणखी थोडे पुढे, बांधापर्यंत न्यायचे आहेत. खारजमिनीसाठी १९४८ पासून कायदा आहे, १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आहे, पेणला खारभूमी विकासाचे कार्यालय आहे. प्रत्येक योजनेतल्या बांधाची लांबी, माथ्याची उंची, उघाड्यांची जागा, त्यांच्या तळाची पातळी आणि आजची अवस्था एवढी माहिती एका सारणीत भरून सर्वांसाठी खुली केली, तरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाचे अर्धे काम होईल. खासगी बांध त्यात वगळू नयेत. पाणी सातबारा वाचून वाहत नाही.

राहिलेले अर्धे काम गावाने करायचे आहे. कोणत्या उधाणाला पाणी कुठवर आले, कोणती मोरी कधी बुजली, कोणता ओहोळ रस्ता होण्यापूर्वी कुठून जात होता, हे गावातल्या जुन्या माणसांना, कोळ्यांना, शेतात राबणाऱ्या बायांना ठाऊक असते. याचा अर्थ लोकांचे सगळे बरोबर आणि यंत्राचे सगळे चूक, असा मात्र नव्हे. माणसाची आठवण त्याने पाहिलेल्या पुरापर्यंतच पोहोचते. महाडमध्ये २०२१ साली पाणी जिथे चढले तिथे ते येईल असे सांगणारेही फार नव्हते. जो पाऊस अजून पडलेला नाही त्याचे पाणी कुठे जाईल, हे संगणकच सांगू शकतो. मात्र त्याला बांध, उघाडी, मोरी आणि भरती यांची माहिती आधी द्यावी लागते, आणि ती गावाकडेच आहे.

हे आत्ताच सांगायचे कारण असे, की उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांत कर्नाळा-साई-चिरनेर हे नवे शहर वसवण्याचे घाटत आहे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि त्याच्या चिरलेच्या टोकाभोवती जमिनीला मागणी वाढली आहे. या भागात पुढच्या दहा वर्षांत जेवढा भराव पडेल तेवढा आधीच्या शंभर वर्षांत पडला नसेल. म्हणून दोन साध्या अटी घालाव्यात. भराव मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत पाण्याच्या वाटेचा नकाशा दोनदा काढलेला असावा : एक ओहोटीचा, एक उधाणाच्या भरतीला उघाड्या मिटलेल्या असतानाचा. आणि दोन्ही नकाशे मराठीत, शिवारांच्या स्थानिक नावांसह ग्रामसभेपुढे ठेवून गावाची दुरुस्ती त्यावर लेखी नोंदवल्याशिवाय परवानगी मिळू नये. उघाड्यांच्या तळाची मोजणी ओहोटीतच होते आणि जून लागला की मातीच्या बांधावर पाऊल ठरत नाही, त्यामुळे मोजणीची पथके दिवाळीनंतर लगेच खारेपाटात उतरायला हवीत.